खारीचा वाटा

मराठी भाषेने खारीविषयी एक मोठा गैरसमज करून ठेवला आहे. सत्काराला उत्तर देणारे सत्कारमूर्ती, गणपतीच्या वर्गणीत एकशे एक रुपये टाकणारे दुकानदार, चिरंजीवांच्या प्रबंधाला बाइंडिंग करून आणणारे वडील, हे सगळे लोक हात जोडून एकच वाक्य बोलतात : “यात आमचा आपला खारीचा वाटा!” ऐकणाऱ्याला वाटावे, की खार म्हणजे जन्मभर देणग्या देत फिरणारी कोणी विश्वस्त बाई आहे. ज्याच्या दारात पेरूचे झाड आहे, त्या गृहस्थाला मात्र या वाक्प्रचाराची दुसरी बाजू पक्की ठाऊक असते. खार देते त्या वाट्याविषयी त्याने नुसते ऐकलेले असते. खार घेते तो वाटा त्याने मोजलेला असतो. आणि तो मुळीच लहान नसतो.

या सगळ्या घोटाळ्याच्या मुळाशी रामायण आहे. गोष्ट आपल्याला तोंडपाठ आहे. वानरसेना डोंगर उपटून आणते आहे, सेतू बांधला जातो आहे, आणि एक खार वाळूत लोळते, सेतूवर जाते, अंगाची वाळू झटकते, पुन्हा लोळायला जाते. रामाला तिचे कौतुक वाटते, तो तिच्या पाठीवरून बोटे फिरवतो, आणि बोटांचे पट्टे कायमचे उमटतात. गोष्ट इतकी गोड आहे, की ती वाल्मीकींनी लिहिली नसेल अशी शंकासुद्धा कोणाला येत नाही. पण वाल्मीकी रामायणात ही खार नाही. तेलुगू रंगनाथ रामायणात ती भेटते, दक्षिणेकडच्या कथांत भेटते. म्हणजे रामकथेत ती मागाहून शिरली. खारीच्या एकंदर स्वभावाला हे धरूनच झाले म्हणायचे. आमंत्रण नाही, ओळख नाही, कौलाच्या फटीतून आत; आणि एकदा आत आली, की मग जणू घर तिच्याच आजोबांनी बांधले होते!

त्या पट्ट्यांनी तिचे जन्माचे कल्याण केले. उंदीर हा नात्याने तिचा लांबचा चुलतभाऊ. धंदा दोघांचाही एकच, कुरतडण्याचा. पण उंदराचे नाव काढले, की पुण्याला १८९७ चा प्लेग आणि रँडसाहेब आठवतो, हात आपोआप झाडूकडे जातो. आणि खार दिसली, की तीच माणसे नातवाला कडेवर घेऊन “ती बघ खारुताई!” म्हणतात. उंदीर कधी कोणाचा ‘ताई’, ‘दादा’ झाल्याचे ऐकिवात नाही. शेपूट झुपकेदार असावी, पाठीवर मोठ्यांचा हात असावा, की मग काहीही कुरतडले तरी चालते, हा धडा खारीने फार लवकर गिरवला. सार्वजनिक जीवनात तो पुढे इतरांनीही गिरवला, असो.

पट्ट्यांच्या संख्येतही मौज आहे. लिनियस या स्वीडिश पंडिताने १७६६ मध्ये आपल्याकडच्या तीन पट्ट्यांच्या खारीला शास्त्रीय नाव दिले. पण पाच पट्ट्यांची खार ही जात वेगळी, हे कागदोपत्री यायला १९०५ उजाडले. ते काम मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात नोकरी केलेल्या रॉटन नावाच्या साहेबाने केले. म्हणजे तिनाचे पाच मोजायला शास्त्राला १३९ वर्षे लागली! यात शास्त्राला हसण्यासारखे काही नाही. खार एका जागी बसेल तर कोणी मोजील ना! महाराष्ट्रात या दोन्ही जाती आहेत. एकीच्या पाठीवर रामाने तीन बोटे फिरवली आणि दुसरीच्या पाठीवर अख्खा पंजा, असे म्हणायला हरकत नाही. शास्त्रज्ञांनी या कुळाला ‘फुनाम्बुलस’ असे लॅटिन नाव दिले आहे. त्याचा अर्थ दोरावरून चालणारा. आपल्या भाषेत डोंबारी. कपडे वाळत घालायच्या तारेवरून तोंडात पेरू धरून पळणारी खार ज्याने पाहिली असेल, तो शास्त्राच्या या एका नावाला तरी मनापासून मान डोलावील.

आता पेरूचे नाव निघालेच आहे, तर मुठ्याकडे वळू.

मुठा म्हटले, की पुणेकराच्या डोळ्यांसमोर लकडी पुलाखालची ती केविलवाणी नदी येते. पण त्या नदीच्या वरच्या अंगाला, मुळशी तालुक्यात, मुठा नावाचे गाव आहे. पिरंगुटहून लवासाच्या रस्त्याला लागावे, घाट चढावा, उतरावा, की आपण मुठा खोऱ्यात. शिवकाळात बारा मावळांत मुठे खोऱ्याची गणती होई. पाऊस असा, की जूनमध्ये लपलेला डोंगर कधी कधी थेट सप्टेंबरात दिसावा. भाताची खाचरे, आंबेमोहोराचा वास, बांधावर जांभूळ, ओढ्याला उंबर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या खोऱ्यात आणखी एक पीक जोमाने आले आहे, ते म्हणजे पुणेकरांचे बंगले. आमचे मेहुणे हे त्यांतलेच एक पीक. जन्मभर हिशेबतपासनीस म्हणून दुसऱ्यांच्या वह्यांतल्या चुका काढल्या, निवृत्त झाले आणि आठ गुंठे जागा घेऊन मुठ्याला जाऊन राहिले. ताईला हवा मानवली. भाऊजींना पेरू मानवणार होते. पण मध्ये खार आली.

भाऊजींनी पेरूची वही घातली. डाव्या बाजूला झाडावरची फळे, उजव्या बाजूला हाती आलेली, आणि मधल्या रकान्यात ‘खार खाते’. पहिल्या हंगामाअखेरीस त्यांनी मला बोलावून घेतले आणि वही पुढे टाकली.

“वाच. पस्तीस टक्के!”

“बरोबर आहे, भाऊजी,” मी म्हटले, “चौथाई पंचवीस टक्के आणि सरदेशमुखी दहा टक्के. पस्तीसच होतात.”

भाऊजींना विनोद आवडत नाही. हिशेब जुळला याचा मात्र आनंद झाला. चौथाईच्या नि सरदेशमुखीच्या सनदांसाठी बाळाजी विश्वनाथाला फौज घेऊन दिल्ली गाठावी लागली, तेव्हा कुठे १७१९ मध्ये बादशाही शिक्का मिळाला. खारीला सनद लागत नाही, शिक्का लागत नाही, आणि वसुलीला ती पहाटे साडेपाचलाच येते. मराठ्यांनी घेतली ती चौथाई निदान सबंध तरी घेतली. ही बाई एक पेरू अर्धा खाते, तो टाकते, दुसऱ्याला दात लावते, तोही टाकते, आणि नेमका तिसरा, ज्यावर भाऊजींची तीन दिवस नजर असते, तो पुरता संपवते. वर फांदीवर बसून, शेपटीला झटके देत, चिक् चिक् चिक् चिक् असा आरडाओरडा करते, की रस्त्याने जाणाऱ्याला वाटावे, चोरी हिच्याच घरी झाली. चोर तो चोर आणि वर शिरजोर ही म्हण ज्याने पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या अंगणात पेरू असणार.

बरे, फळांवर भागले असते तर ताईने आवाज काढला नसता. पण उन्हाळ्यात गच्चीवर वाळवण पडले. कुरडया, पापड्या, सांडगे. त्यांत खारीने निवड केली आणि कुरडया पसंत केल्या. मग माळ्यावरच्या जुन्या गादीतला कापूस गेला, पायपुसण्याचा काथ्या गेला, भाऊजींच्या लोकरी मोज्याचा अर्धा भाग गेला. हे सगळे सामान एकत्र सापडले ते पंपाच्या स्विचच्या पेटीत. तिथे घरटे झाले होते. शेवटी एके दिवशी इंटरनेटची तार कुरतडली गेली. ज्या कंपनीची तार होती, तिच्या माणसाने फोनवर भाऊजींना सांगितले, की उंदराने तार तोडली तर वेगळे, पण खारीसाठी आमच्याकडे रकानाच नाही. रकाना नाही हे ऐकून एका हिशेबतपासनीसाला काय यातना झाल्या असतील, याची कल्पना करावी.

तार कुरतडण्यात खारीचा दुष्टावा नसतो, हे इथे सांगितले पाहिजे. उंदीर, घूस, साळिंदर आणि खार या सगळ्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवले नाहीत तर तोंड मिटणे मुश्कील. तेव्हा लाकूड असो, तार असो, ती काही ना काही चावत राहते. आपण नाही का, काम नसले तरी बोलत राहतो! या सवयीने तिच्या परदेशी भावकीने तर जगाचे व्यवहार थांबवले आहेत. डिसेंबर १९८७ मध्ये अमेरिकेत कनेटिकटमधल्या एका गावी एका खारीने विजेच्या यंत्रणेत तोंड घातले आणि नॅस्डॅक हा शेअरबाजार तासाहून अधिक काळ बंद पडला. १९९४ मध्ये पुन्हा एकदा तसेच झाले. त्या मानाने आमच्या भाऊजींचे एका दुपारचे इंटरनेट म्हणजे अगदीच खारीचा वाटा.

मग उपाय सुरू झाले. कोणत्याही दुखण्यावर पुणेकराला औषध माहीत असते, तसे खारीवरही. एकाने सांगितले, बुजगावणे करा. केले. खार त्याच्या डोक्यावर बसून पेरू खाऊ लागली. दुसऱ्याने सांगितले, चकाकणाऱ्या तबकड्या टांगा. टांगल्या. तिने त्यांत तोंड पाहिले. तिसरा म्हणाला, लाल तिखट. यात थोडे तथ्य आहे. तिखटाची आग सस्तन प्राण्यांना होते, पाखरांना ती लागत नाही. म्हणूनच पोपट हिरवी मिरची मिटक्या मारीत खातो. पण मुठा खोऱ्यातल्या पावसात झाडावरचे तिखट किती वेळ टिकणार? त्या आठवड्यात खाली पडलेला पेरू उचलून खाणाऱ्या शेजारच्या मुलानेच तेवढी आग आग केली. चौथ्याने बुंध्याला गुळगुळीत पत्रा गुंडाळायला सांगितला. हा उपाय खरा आहे, चढता येत नाही. फक्त ते झाड एकटे पाहिजे. शेजारी आंबा असेल, तर ती आंब्यावरून उडी मारते. डोंबाऱ्याला जिना लागत नाही.

पाचव्याने पिंजरा सुचवला. धरायची आणि टेमघर धरणापलीकडे नेऊन सोडायची. भाऊजी नियमांचे पक्के, त्यांनी आधी कायदा उघडला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात वाघसिंहांच्या बरेच खाली, पण छापील अक्षरांत, पाचपट्टी खारीचे नाव होते. २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, परिशिष्टांची मांडणी बदलली. पण सरकारी कागदावर ज्याचे नाव एकदा चढले, त्याच्या वाटेला परवानगीवाचून जाऊ नये, हे भाऊजींना चाळीस वर्षांच्या नोकरीने शिकवले होते. शिवाय एक खार उचलली, की रिकाम्या झाडावर दुसरी येते. नोकरीत रिकामी जागा भरायला सरकारला वर्षे लागतात. खारीला एक सकाळ पुरते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की आमचे भाऊजी एकटेच खारीपुढे हरले. तसे नाही. त्यांच्या आधी मोठमोठी सरकारे हरली आहेत, आणि त्यांच्या पराभवाचा इतिहास आकड्यांसकट उपलब्ध आहे.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया ही तेव्हा इंग्रजांची वसाहत होती. मक्याची शेते खारींनी खाल्ली, म्हणून तिथल्या सरकारने खारीच्या डोक्यामागे तीन पेन्स बक्षीस लावले. १७४९ या एका वर्षात ८००० पौंड वाटले गेले. हिशेब करा : सहा लाख चाळीस हजार खारी झाल्या! तिजोरी रिकामी होऊ लागली, तेव्हा सरकारने बक्षीसच निम्मे केले. खारी काही निम्म्या झाल्या नाहीत. पुढे शंभरेक वर्षांनी त्याच पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया शहरात, १८४७ मध्ये, लोकांनी एका चौकातल्या बागेत मुद्दाम खारी आणून सोडल्या. त्यांच्यासाठी लाकडी खोकी बांधली, खाऊ ठेवला. शहरात करमेनासे झाले, म्हणून! ज्यांच्या पणजोबांनी मुंडक्यांचे पैसे घेतले, त्यांची पणतवंडे शेंगदाणे घेऊन उभी.

पण अमेरिकेनेच १९१८ मध्ये पुन्हा उलटी कोलांटी मारली. पहिले महायुद्ध चालू होते. कॅलिफोर्नियात जमिनीत बिळे करणाऱ्या खारी गहू खातात, तो गहू सैन्याचा, सबब खार ही जर्मनीच्या कैसरची हस्तक, असा सिद्धांत मांडण्यात आला. भिंतीवरच्या चित्रांत खारींना जर्मन शिरस्त्राणे चढवली. ‘खार सप्ताह’ जाहीर झाला, शाळकरी पोरांना शेपट्या जमा करायला सांगितले. पोरांनी १,०४,५०९ शेपट्या आणून दिल्या. सप्ताह आपल्याकडेही होतात. पण त्यांत टाळ वाजतात. कैसर हरला, महायुद्ध संपले. कॅलिफोर्नियातल्या खारी अजून आहेत.

इंग्रजांचा हिशेब सर्वांत शिकण्यासारखा आहे. १८७६ मध्ये चेशायर परगण्यातल्या एका धनिकाने अमेरिकेहून करड्या खारी मागवल्या आणि बंगल्याच्या आवाराची शोभा म्हणून सोडल्या. दुसऱ्या जमीनदारांनी पाहिले, त्यांनाही हव्याशा झाल्या. त्या करड्या पाहुण्यांनी मग तिथल्या मूळच्या तांबड्या खारींना इंग्लंडच्या बहुतेक भागातून हुसकून लावले. व्यापारी म्हणून यायचे आणि मूळच्या लोकांना बाजूला सारून मालक व्हायचे, हा खेळ इंग्रजांच्या चांगल्या परिचयाचा; फक्त या खेपेला तो त्यांच्या अंगणात झाला. १९३७ मध्ये करडी खार आणण्यावर आणि पाळण्यावर बंदी आली. १९५३ मध्ये शेपटीमागे एक शिलिंग बक्षीस लागले. काही वर्षांत दहा लाखांहून अधिक शेपट्या जमल्या आणि बक्षीस बंद झाले, कारण खारींच्या संख्येत म्हणण्यासारखा फरक पडेना.

आणि आपली खार? तिनेही समुद्र ओलांडला आहे. १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या प्राणिसंग्रहालयात आपल्या पट्ट्यांच्या खारी नेल्या गेल्या. त्यांनी तिथून पोबारा केला, आसपासच्या बागांत संसार थाटले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या दप्तरी ‘उपद्रवी प्राणी’ म्हणून त्यांची नोंद झाली. ज्या खारीला आपण रामाची लाडकी म्हणतो, तिला तिथे रामाचा वशिला चालला नाही. या सगळ्या इतिहासाचे तात्पर्य एवढेच निघते, की खार उपद्रवी आहे की गोजिरवाणी, हे तिच्यावर अवलंबून नसते. झाड कोणाचे आणि आधी कोण आले, यावर ते ठरते.

या दृष्टीने मुठा खोऱ्यात आधी कोण आले, हे पाहण्यासारखे आहे.

मुळशी तालुक्याच्या पश्चिमेला ताम्हिणीचे जंगल आहे. २०१३ मध्ये त्याचे अभयारण्य झाले. तिथे खारीची श्रीमंत थोरली बहीण राहते, ती म्हणजे शेकरू. तांबूस-तपकिरी अंग, पिवळसर पोट, आणि शरीराइतकीच किंवा कांकणभर जास्तच लांब शेपूट. साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला मुंबई सरकारने १८२४ मध्ये दख्खनची आकडेवारी गोळा करायला नेमले. त्याने माणसे मोजली, नांगर मोजले, आणि जाता जाता पशुपक्षीही टिपून ठेवले. १८३१ मध्ये त्याने सह्याद्रीतल्या शेकरूला शास्त्रीय नाव दिले ते गव्हर्नर एल्फिन्स्टनचे! पेशवाई बुडाल्यावर मुलूख साहेबाचा झाला होता. शेकरूही साहेबाचे झाले. एल्फिन्स्टनसाहेब गेले, इंग्रजी राज्य गेले, शेकरू झाडावरच आहे. आता ते महाराष्ट्राचे राज्यप्राणी आहे. त्याच्यासाठी १९८५ मध्ये भीमाशंकरला अभयारण्य झाले. शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही, या फांदीवरून त्या फांदीवर जाते, आणि एकेक शेकरू चार-सहा घरटी बांधून ठेवते. राहायचे एकात, बाकीची पडून. पुण्याच्या हवेचा हा परिणाम सह्याद्रीपर्यंत पोचला, की शेकरूकडून पुणेकर गुंतवणूक शिकले, कोण जाणे!

पण जमिनीवर न उतरता जगायचे तर फांदीला फांदी लागलेली हवी. तशी झाडे सह्याद्रीत फार ठिकाणी टिकली ती देवरायांत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात गावोगाव हिंडून या देवरायांचा अभ्यास केला. देवाच्या नावाने सोडलेले रान, त्यातली काडीही मोडायची नाही, ही जुनी रीत. गावकऱ्यांनी हा एक वाटा आधीच बाजूला काढून ठेवला होता. त्याला ‘उपद्रव’ हा शब्द त्यांना लागला नाही. खळ्यावर रास झाली, की सुतार, लोहार, चांभार, न्हावी हे बलुतेदार आपापला वाटा घेऊन जात. त्या जुन्या वाटणीत अन्यायही पुष्कळ होते, उगाच तिची आरती करायला नको. पण सगळी रास एकट्या धन्याची, असे मात्र कोणी म्हणत नव्हते.

भाऊजींच्या कुंपणापलीकडे एका म्हातारबांचे खाचर आहे. आबा म्हणतात त्यांना. भाऊजींनी त्यांना वही दाखवली. आबांना आकडे वाचायचे नव्हते. त्यांनी आधी झाडाकडे पाहिले, मग कुंपणाच्या भिंतीकडे.

“साहेब, हितं जांभूळ व्हती. दोन. आन् त्या अंगाला उंबर. तुमच्या आदल्या मालकानं पलाट पाडताना काढली. खारी त्यावर असायच्या. आता त्या जाणार कुठं?”

“पण आबा, माझे पेरू...”

“हाताला येत्यात ते तुमचं. शेंड्याला हाय ते तिचं. म्या बी शेंड्यावर चढत न्हाई आता.”

एवढे बोलून ते गवताचा भारा उचलून गेले. त्यांच्या हिशेबात टक्केवारी नव्हती. पण वाटणी पुरी होती.

मला त्यांच्या बोलण्यावरून आणखी एक वही आठवली, जी कोणी घातलेली नाही. मुठेचे पाणी पुणे पिते. १८७९ मध्ये खडकवासल्याचे धरण पुरे झाले. पुढे पानशेत झाले. १२ जुलै १९६१ ला ते फुटले आणि त्याबरोबर खडकवासलाही, आणि मुठेने पुण्याकडून एका दिवसात सगळी थकबाकी वसूल केली. पण पुणे सुधारले नाही. पुन्हा बांधले, वरसगाव बांधले, टेमघरला खुद्द मुठा अडवली. टेमघर तर मुठा गावाच्याच वरच्या अंगाला. खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या आणि पाणी पाइपातून कोथरूडच्या नळाला आले. पाणी झाले, मग जमीन. जमीन झाली, मग मोकळी हवा घ्यायला आम्ही शनिवार-रविवारी हजर. आम्ही किती टक्के नेले, याची वही मुठा गावाने मांडली नाही. पुणेकरांच्या शेपटीमागे एक शिलिंग असे बक्षीसही कोणी लावल्याचे ऐकिवात नाही. आम्हाला तिथे अजून “या, बसा, पाणी घ्या” म्हणतात.

भाऊजी हिशेबाचे पक्के असल्यामुळे ही नोंद त्यांना पटायला फार वेळ लागला नाही. हल्ली त्यांची व्यवस्था अशी आहे : हाताला येणाऱ्या पेरूंना, डाळिंब-पेरूचे बागाईतदार घालतात तशा, पिशव्या घालायच्या. शेंड्याच्या फळांना हात लावायचा नाही. वाळवणावर बारीक जाळीचे झाकण. आढ्याच्या फटींना नि स्विचच्या पेटीला लोखंडी जाळी; पण आत पिल्ले नाहीत अशी खात्री करून मगच. खारीची दोन-तीन पिल्ले आंधळी जन्मतात, त्यांना अंगावरून सुटायला दोन-अडीच महिने लागतात. तेवढे दिवस पंप शेजारच्या पेटीवर जोडून चालवला गेला. ताईने विचारले, बाळंतीण उठेपर्यंत वाट पाहायची का? भाऊजी म्हणाले, नियम आहे. कोणता नियम, ते त्यांनी सांगितले नाही. कुंपणाच्या कडेला जांभळाची दोन रोपे आणि एक उंबर लावला आहे. उंबर मोठा व्हायला वर्षे जातील. भाऊजी पंचाहत्तरीचे आहेत. पण हे खर्चाच्या बाजूला टाकायचे की जमेच्या, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही.

वही मात्र चालूच आहे. डावीकडे झाडावरची फळे, उजवीकडे हाती आलेली. मधल्या रकान्याचे नाव तेवढे बदलले. ‘खार खाते’ हे शब्द खोडून तिथे त्यांनी आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिले आहे : ‘देणे’.